बोर्डावरचा कोरा ओ

अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर बसायचे. इंग्रजी बोर्ड असला की आधी शब्दाचा अर्थ विचारायचे, मग तो आला कुठून तेही. कळल्याशिवाय ब्रश उचलत नसत, कारण एखाद्या अक्षरात ते त्या शब्दाचं काहीतरी लपवायचे. टेलरच्या बोर्डावर टीची आडवी रेघ म्हणजे सुई होती, दोऱ्यासकट.

माझ्या क्लासचा बोर्डही त्यांनी असाच थांबवून ठेवला आणि भरल्या वर्गाच्या दारात येऊन विचारलं, "सर, कोचिंग हा शब्द आला कुठून?"

मी इंग्रजीच शिकवतो. मला माहीत नव्हतं आणि पोरं ऐकत होती. "तुम्ही रंगवा हो," मी म्हणालो, "अर्थाचं आम्ही पाहतो."

संध्याकाळी बोर्ड लागला. अक्षरं सुबक होती, आत काहीच नव्हतं.

पुढे कधीतरी शब्दकोशात सापडलं. हंगेरीतल्या एका गावात नामी घोडागाड्या बनायच्या. गावाच्या नावावरून गाडीला कोच म्हणू लागले, नंतर पोरांना परीक्षेपार नेणाऱ्या मास्तरालाही. पेंटरचे वडील बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवणारे सुतार होते. मी तसाच उठून गेलो आणि ते शिडीवर असतानाच त्यांना सगळं सांगितलं.

त्यांचा ब्रश थांबला. "तवाच सांगतलं असतं तं त्या ओचं चाक केलं असतं, सर. आमच्या बाच्या बंडीचं."

"मग आता करा ना."

"राहू द्या. तुमच्या बोर्डापासून मी इचारनंच सोडलं," ते म्हणाले आणि पुढचं अक्षर भरू लागले.