जागा रिकामी हाय का?

चाकणच्या आमच्या कंपनीतल्या त्या वॉचमनची मला चीडच यायची. आगीच्या सरावाचा भोंगा वाजला की सगळे बाहेर पळायचे आणि हा आत शिरायचा. संडासांची दारं ठोठावायचा, मशिनींमागे वाकून बघायचा. त्याच्यापायी आम्ही उन्हात ताटकळायचो.

हे खूळ त्याच्या डोक्यात एका ट्रेनिंगमध्ये शिरलं. बाहेरून आलेले सर म्हणाले, ‘इव्हॅक्युएशन’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘रिकामा’ असा अर्थ आहे. आधी हा शब्द पोट साफ होण्याला वापरत, माणसं हलवण्याला फार नंतर. सगळे खो खो हसले. हा मात्र हसला नाही.

“म्हंजी माणसं मोजून भागायचं न्हाई,” तो मला म्हणाला. “हितं दोस्त उशिरा आला तर दुसराच त्याची हजेरी देतोय, साहेब. जागा रिकामी हाय का, ते बघाया पायजे.”

गेल्या महिन्यात रंगकाम चालतं त्या पेंट शॉपमधून खरोखरच काळा धूर निघाला. गेटबाहेर मी हजेरीच्या यादीतलं एकेक नाव पुकारलं. प्रत्येक नावाला ‘हजर’ आलं. “सगळे बाहेर आहेत,” मी फायर ब्रिगेडवाल्यांना सांगून टाकलं.

तेवढ्यात तो धुरातून खोकत बाहेर आला. तोंडाला ओला रुमाल, डोळे लालभडक.

“जागा रिकामी हाय, साहेब.”

मी हातातली यादी पुन्हा पाहिली. त्याचंही नाव मी पुकारलं होतं, आणि गर्दीतून ‘हजर’ आलं होतं.