काशीदादाची बोली

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची जीप भरायची वाट बघत बसले होते. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, पोशेऱ्याचा काशीदादा गेला. सकाळीच नेला त्याला." मी त्याच्याकडेच निघाले होते असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी शाळेच्या कामासाठी पंचायत समितीत निघाले होते. जीप सुटली, वळणं लागली, आणि मोखाडा येईपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत राहिली... या माणसाचा आवाज तर कधीच गेला होता. आज नेलं ते काय उरलं होतं?

काशिनाथ भोये हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. मोखाड्याच्या एका कचेरीत तो कारकून होता, आणि नाटकं लिहायचा, बसवायचा, त्यांत कामही करायचा. तरुणपणी तो बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, नाचायचा. "मुखवटा चढला का तोंड दिसत नाय," तो सांगायचा, "मग खांद्यांनी रडायचं, पायांनी हसायचं." मी जामसरची, नुकतीच शिक्षिका झालेली. नाटकाला बाई मिळत नव्हती म्हणून तो एकदा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "बाय, पोरं ओरडत असली तरी तुझा आवाज मागच्या भिंतीला लागतो. चल." तेवढ्यावर मी गेले. तालमी गणपतीनंतर सुरू व्हायच्या आणि दिवाळीच्या आत प्रयोग उरकावे लागायचे, कारण दिवाळी झाली की निम्मी नटमंडळी बायकापोरांसकट वीटभट्ट्यांवर निघून जायची.

नव्वदनंतरच्या एका पावसाळ्यात त्याची धाकटी मुलगी आजारी पडली. आधीच काडीसारखी झालेली, त्यात ताप. नदीला पाणी, गाडी नाही. काशीदादा आणि जानकीवहिनी तिला झोळीत घालून दवाखान्याकडे चालत निघाले. वाटेत तिचं कण्हणं थांबलं. झोप लागली, बरं झालं, असं समजून दोघं चालतच राहिले... हे त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी त्या वाटेचं नाव काढलं नाही. पण त्या वर्षी त्यानं 'झोळी' लिहिलं. शेवटच्या प्रवेशात आई दवाखान्याच्या पायरीवर झोळी उतरवते आणि म्हणते, "ऊठ गो पोशे. नागलीची भाकर केलीय तुला." पोशी म्हणजे आमच्याकडे मुलगी. ती आई मी केली. मोखाड्याच्या बाजाराच्या मैदानात प्रयोग झाला, तेव्हा टाळी वाजली नाही. टाळी वाजवायची असते हे कुणाला सुचलंच नाही. माणसं बराच वेळ बसून राहिली. जानकीवहिनी पुढ्यातच होत्या. त्यांनी आत येऊन माझ्या गालावरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी आम्ही शहरातल्या एका स्पर्धेत गेलो. परीक्षक भले गृहस्थ होते. नाटक विलक्षण आहे म्हणाले, पण भाषा कळत नाही, प्रमाण मराठीत आणा, महाराष्ट्रभर जाईल. काशीदादा त्या शब्दांनी पेटला. आपल्या पोशीचं दुःख सगळ्यांना कळेल, असं त्याला खरोखर वाटलं. तालमीला बसलं की विचारायचा, "बाय, शाळेच्या मराठीत हे कसं म्हणशील?" मी सांगायचे. शेवटचं वाक्य झालं, "ऊठ ना बाळ, तुझ्यासाठी भाकरी केली आहे." नाटकाला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. मोखाड्यात सत्कार ठरला आणि त्याच मैदानात त्याच लोकांपुढे प्रयोग लागला.

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मागून हसू आलं. दुष्टपणाचं नव्हतं ते. ती भाषा लोकांनी कचेरीत आणि शाळेतच ऐकलेली. त्यांच्यातलीच एक बाई मेलेल्या लेकराशी साहेबासारखी बोलत होती. कुणीतरी म्हणालं, "ही डाक्टरीण हाय का आयस?" आणि हसू पुढपर्यंत पसरलं. जानकीवहिनी उठल्या आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेल्या. प्रयोग संपल्यावर काशीदादा बादलीपाशी तोंड धूत होता. वहिनी जवळ गेल्या आणि इतकंच म्हणाल्या, "ती माझी पोशी नव्हं." तो ओल्या तोंडानं तसाच उभा राहिला. पुसायलाही विसरला.

'झोळी' पुन्हा झालं नाही. जुनं नाटक परत उभं करायचा त्यानं प्रयत्न केला, पण त्याला जमेना. "ते शब्द तोंडात येतात गो," म्हणायचा, "पण आधी साहेबाच्या कानानं ऐकतो मी. मग ते मरतात." मधे रजा काढून मुंबईला गेला. एका नाटकात त्याला डोक्याला पिसं बांधून, हातात भाला देऊन उभा केला. बोलायला एक शब्द नाही, नुसतं हुंकारायचं. परत आल्यावर त्याबद्दल हसून सांगायचा. दोन हजारनंतर माणसं दसऱ्यालाच भट्ट्यांकडे निघू लागली. तालमीला चौघं यायची, मग दोघं, मग मी एकटी. त्यानंतर गळ्याची गाठ, ऑपरेशन, आणि त्याचा तो भरदार आवाज कायमचा काढून टाकला गेला.

शेवटची भेटले तेव्हा खाटेवर पडून होता. गळ्याला पट्टी. मी त्याच्या कानाशी हळू हळू काहीबाही बोलत होते. त्याचे ओठ हलले. मला कळेना. वहिनी म्हणाल्या, "मोठ्यानं बोल सांगतो. मागच्याला ऐकू जात नाय म्हणतो." मागे भिंत होती. मी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी पोशेऱ्याला गेले. त्याच्या अंगणात घराच्या उजव्या अंगाला एक चौकोन आहे. तालमीसाठी तो दर वर्षी चोपून, सारवून घ्यायचा, आणि कुणी आडवं गेलं तर गरजायचा, "रंगमंच हाय तो, वाट नाय!" यंदा कुणी सारवला नव्हता. माती उकलली होती, गवताची पाती वर आली होती. मी ओट्यावर बसून होते. जानकीवहिनी डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून आल्या. दार समोर होतं, त्या जागेवरून सरळ चालल्या असत्या तर पटकन पोचल्या असत्या. त्या चौकोनाला वळसा घालून गेल्या. त्यांच्यामागून शेजारीण आली, तीही तशीच गेली. रिकाम्या जागेकडे दोघींनी पाहिलंही नाही.