माप जुनंच ठेवा, काकू

ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. एक कातरण आणि दुसरे किस्से. कातरण निदान उशीत भरता येतं. किस्से कुठे भरणार? ते आपले मनात पडून राहतात आणि चार ओळखीच्या बायका बसल्या की बाहेर येतात. आज तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या अंगाला माझं दुकान. इतकी वर्षं मशीनवर बसल्यावर मला वाटायचं, आता कुठल्याही बाईचं काहीही ऐकून आपल्याला धक्का बसायचा नाही. पण बाळंतपणानंतर छातीचं माप बदललं की बायका जे बोलतात आणि जे करतात, त्याने मी अजूनही हबकते. शप्पथ!

*

बँकेतली एक बाई बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू होणार होती, म्हणून नवे ब्लाउज टाकायला आली. सोबत मापाचा ब्लाउज. आता आपल्याकडे पद्धतच आहे, अंगावर टेप लावून घ्यायला लाजायचं आणि नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज मापाला आणून द्यायचा. पण हिने आणला तो साखरपुड्याचा! मी म्हटलं, अहो, मधे एक बाळ झालंय, मला एकदा टेप तरी लावू द्या. तर नाही. "माप जुनंच ठेवा, काकू."

ठेवलं. ट्रायलला आत गेली आणि हूक लागेना. शिवणीत जास्तीचं कापड राखतो ना आम्ही, ज्याला माया म्हणतात, ती सगळी सोडली. तरी लागेना. बाईने बाहेर येऊन माझ्या गळ्यातली टेप हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि अगदी बँकेतल्या आवाजात मला विचारलं, "ही टेप धुतली होती का हो? आटलीय बहुतेक."

 वाद घालायला तोंड उघडलं तर तिचे डोळे भरलेले. शेवटी तो न लागणारा ब्लाउज तसाच घेऊन गेली. पदराच्या आड सेफ्टी पिन लावीन म्हणाली, पण माप वाढवू नका.

*

या किश्शाला सगळ्यात जास्त हसली ती भक्ती. माझ्याकडे हूक-काजाला आणि हातशिलाईला येते. इथल्याच काळबादेवी गावची सून, वय सत्तावीस, नवरा बोटीवर. ती पोटुशी असताना तो गेला तो गेलाच, काम लांबत गेलं, आणि इकडे पोरगं बसायला लागलं. बापलेकाची भेट फोनवरच. आता महिनाभरात येणार म्हणून कळवलं होतं.

तर त्याच दिवशी संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर भक्तीने पिशवीतून स्वतःच्या लग्नातला ब्लाउज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "काकू, या मापाचे दोन शिवा. ते यायच्या आत मी होते एवढी."

मी म्हटलं, अगं दिवसभर तू त्या बाईला हसत होतीस ना? तर म्हणाली, ती वेगळी, तिचा नवरा रोज घरी असतो, त्याला हळूहळू सवय झाली असेल. माझा एकदम बघणार.

फोनवरसुद्धा ती बाळाला छातीशी धरूनच बोलायची. नवरा म्हणे, तू जरा दिसशील का? ही बाळाचे पाय दाखवायची. मला आधी वाटायचं, पोराचं कौतुक. कसलं कौतुक! पोराला पुढे करून ही मागे लपत होती, हे ऐकून मी खरोखर गार पडले.

*

देवरूखची एक मुलगी भावाच्या लग्नाचा रेशमी ब्लाउज न्यायला आली. बाळ सासूकडे ठेवून एसटीने आलेली. ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिली, फिटिंग एकदम फर्स्टक्लास. एवढ्यात शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं.

परकं पोर हो! पण हिच्या अंगाला कुठे कळतं ते? बघता बघता रेशमावर दोन गोल ओले डाग. मोरपंखी रंग, बाहीवरची जर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर भिजलं. मुलगी आरशात बघून रडायला लागली. माझं अंग माझं ऐकतच नाही, म्हणाली, कुणीही रडलं तरी याचं सुरू.

दुकानात तेव्हा रेहानाभाभी बसल्या होत्या. भाभी राजिवड्याच्या, नवरा जन्मभर कुवेतला. शिवायला टाकायच्या निमित्ताने येतात, शिवायला नसलं तरी येतात. त्यांनी उठून डाग नीट निरखला, अस्तर चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "रंग पक्का आहे गो. घे बिनधास्त."

ती मुलगी रडता रडता हसली. भक्ती मात्र हातातली सुई तशीच धरून त्या डागांकडे बघत होती.

*

मग भक्तीने कपचं खूळ काढलं. ब्लाउजच्या आत शिवतात ते कप. एकावर एक दोन घालूया म्हणाली, म्हणजे भरल्यासारखं आणि वर उचलल्यासारखं दिसेल. मी तिला सांगितलं, असे सुटे कप घालायच्या भानगडीत पडू नकोस, आणि आमच्या एका गिऱ्हाइकाचं काय झालं ते ऐकवलं.

ही शाळेतली बाई. दोन मुलं अंगावर पाजून मोठी केलेली. राजापूरहून सकाळच्या एसटीने यायची. तिने आत सुटे कप सरकवलेले. हातखंब्याच्या वळणावर गाडी अशी काही वळली की बाईंनी वरचा दांडा धरायला हात वर केला आणि एक कप पदरातून सुटून थेट गाडीच्या मधोमध जाऊन पडला. पांढरा, गोल, फुगीर. गाडी भरलेली, आणि निम्मी गाडी तिच्याच शाळेतली मुलं!

कंडक्टर भला माणूस. त्याने तो उचलला, फुंकर मारून झटकला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, तुमचा मास्क पडला."

आणि बाई काय बोलणार? तिने थँक्यू म्हटलं, कप तोंडावर धरला आणि स्टँड येईपर्यंत धरूनच बसली. वर एक पोरगा उठून विचारतो, बाई, परत कोरोना आला का?

हे मला तिनेच येऊन सांगितलं. हसत हसत सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. म्हणाली, नवऱ्याला अजून माहीत नाही मी कप वापरते ते. लग्नाला बारा वर्षं झाली आणि नवऱ्याला माहीत नाही! घरात अंधार करून कपडे बदलते म्हणे. मी कपाळावर हात मारला.

*

पण सगळ्यात मोठा शॉक मला एका पुरुषाने दिला. पावसचा आंब्याचा व्यापारी. बाळाचं बारसं तोंडावर आलेलं, बायकोने कापड देऊन पाठवलेला, आणि हा मापाचा ब्लाउजच घरी विसरून आला. मी म्हटलं, फोन करून विचारा. त्याने फोन लावून टेबलावर ठेवला, कुणी उचलेना. हंगामाचे दिवस, त्याला परत यायला वेळ नव्हता. छताकडे बघून त्याने थोडा विचार केला.

"काकू, पूर्वी सहा डझनी होता बघा. आता चार डझनी धरा."

तुम्ही इथल्या, तुम्हाला सांगायला नको. पेटीत जितके डझन कमी, तितकं फळ मोठं. माझ्या हातातला खडू खाली पडला! चावटपणा म्हणावा तर माणूस कमालीचा गंभीर, अगदी मार्केटला रेट सांगावा तसा. आणि त्याच क्षणी टेबलावरच्या फोनमधून बायकोचा आवाज आला. फोन मघाशीच उचलला गेला होता.

"आणि बाळाने पिणं सोडलं की सीझन संपला, तेपण सांगा त्यांना."

तो जो उठला तो कापड तिथेच टाकून गेला. रेहानाभाभी पोट धरून हसत होत्या. भक्ती हसली नाही. मला म्हणाली, "सीझन संपल्यावर काय करायचं असतं, काकू?" मी खाली पडलेला खडू उचलला.

*

नवरा यायला चार दिवस राहिले आणि भक्ती लाल चेहरा करून कामावर आली. अंग चोरून बसली होती, सुईत दोरा जाईना. हात लावला तर चटका बसावा एवढा ताप. काय दुखतंय विचारलं तर सांगेना. रेहानाभाभींनी सरळ तिला आत नेलं, आणि आतून मला हाक मारली.

कुर्त्याच्या आत तिने छाती जुन्या ओढणीने करकचून बांधली होती. घट्ट, तीन वेढे घालून. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, असं बांधलं की दूध आटतं आणि छाती पहिल्यासारखी होते. परवापासून पोराला पाजलं नव्हतं. घरी सासू पेज भरवत होती आणि पोर हंबरडा फोडत होतं. आणि ही इथे दुसऱ्यांच्या ब्लाउजना हूक लावत होती!

मी तिला काय काय बोलले ते आता आठवत नाही. फार बोलले.  ओढणीची गाठ सुटेना, तेव्हा भाभींनी माझी कापडाची कात्री मागितली. ती कात्री मी देवालासुद्धा देत नाही, पण दिली.

ओढणी कापली गेली तशी भक्ती रडायला लागली. "ते लग्नाच्या फोटोतली बायको शोधत येणार, काकू. मी कुठून आणू ती?"

तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दूध साचून गाठ झाली होती आणि त्यानेच ताप. औषध दिलं आणि निक्षून सांगितलं, पाजणं अजिबात थांबवायचं नाही, पाजल्यानेच मोकळं होईल. बाळाला दुकानात घेऊन ये, मी म्हटलं. इथे कोण तुला अडवतंय?

*

परत येताना रिक्षात भाभींनी स्वतःचं सांगितलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्यांचे मियां कुवेतहून आले तेव्हा भाभींचीही हीच गत. समोरून जायचं झालं तरी पोर कडेवर घेऊनच जायच्या. आणि मियां बघावं तेव्हा डोक्याला टोपी. जेवताना टोपी, झोपताना टोपी.

"चार दिवस टोपी काढली नाय माणसाने," भाभी म्हणाल्या. "मला वाटलं, किती दीनदार, नमाजी होऊन आलाय. आणि मी इथे आरशात छाती बघत बसलेय, मला माझीच शरम!"

पाचव्या दिवशी विहिरीवर तोंड धुताना टोपी पाण्यात पडली. खाली सगळं चकचकीत. तिकडच्या पाण्याने केस गेले होते आणि बायको काय म्हणेल म्हणून तो घाबरला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार? दोघं मिळून टोपी काढत बसलो विहिरीतून."

भक्ती छातीवर हात दाबून म्हणाली, हसवू नका भाभी, दुखतं.

*

आणि आता शेवटचं. नवरा येणार त्या दिवशी भक्ती घरी थांबली नाही, दुकानात आली. लग्नसराईचं काम आहे असं सासूला सांगितलं. काम कसलं, भीती होती. बाळ सोबत होतं, ताप उतरला होता. मला वाटलं, संध्याकाळी रिक्षात घालून पाठवू.

तर आईने फोनवर सांगितलं असावं, हा स्टेशनवरून घरी न जाता थेट दुकानात! पाठीवर भली मोठी बॅग, अंगात पातळ टी-शर्ट, घामाने भिजलेला. दारात उभा राहिला. भक्तीने समोर होतं ते साड्यांचं गाठोडं उचललं आणि छातीशी धरून उभी राहिली. तो तिच्याकडे बघतोय, ती गाठोड्याकडे बघतेय.  

शेवटी रेहानाभाभींनी सतरंजीवरून पोराला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "घ्या. तुमचंच आहे."

मला वाटलं, परका माणूस बघून पोर रडेल. पण त्याची दुधाची वेळ झालेली. त्याने बापाच्या छातीवर नाक घासलं, इकडेतिकडे शोधलं आणि टी-शर्टावरूनच तोंड लावलं. सगळी ताकद लावून.

"आई गं! अगं, चावला हा मला!"

"दात आलेत त्याला," भक्ती म्हणाली. गाठोडं अजून तसंच.

तो छाती चोळत उभा राहिला. पोराकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग हळूच विचारलं, "रोज असं करतो?"

"रात्रीचं धरून विचारताय की सोडून?"

 पोर आता मोठ्याने रडायला लागलं होतं. भक्तीने गाठोडं काउंटरवर टाकलं, पोराला त्याच्याकडून घेतलं, स्टुलावर बसली आणि कुर्त्याची चेन उघडायला लागली. तो गडबडीने दाराकडे वळला.

"कुठे चाललात?" ती मान वर न करता म्हणाली. "बसा इथे, समोर."

पाठीवरची बॅग न काढताच तो खाली बसला.