हॉर्नचा रिले

ज्योतिबावर माझी श्रद्धा होती, पण भरवसा स्वतःच्या हातांवर जास्त. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. फॉल्ट कुठलाही असो, माझ्या तावडीतून सुटत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. अजूनही सांगतो. फक्त त्या रविवारपासून सांगताना हात आपसूक कपाळाकडे जातो.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा आमच्याकडं नव्यानं दिसू लागल्या होत्या. त्यातलीच एक मी हौसेनं घेतलेली. बाळंतपणासाठी कोडोलीला माहेरी आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, त्या दुपारी दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि रक्त जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना शहरात, राजारामपुरीत. सुमनला मागच्या सीटवर आडवी केली, डोकं आईच्या मांडीवर. निघालो, आणि ज्योतिबाच्या फाट्याजवळ गाडी आचके देऊन बंद पडली.

किल्ली फिरवली की मागून पेट्रोलच्या पंपाची बारीक घरघर येते. ती आली नाही. फ्यूज शाबूत. म्हणजे पंपच गेला, मी ठरवून टाकलं. पंप मागच्या सीटखाली. "आई, सुमीला खाली घे, सीट काढायचीय!" मी ओरडलो.

तेवढ्यात ज्योतिबाला निघालेल्या एका टेम्पोतून उतरलेली, कपाळभर गुलाल लावलेली बाई गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"पोरीला हालवायचं न्हाय. काय बघायचं त्ये फुडं बघा, पावणं."

असा राग आला मला! हिला गाडीतलं काय कळतंय? पण बाई जागची हलेना. मी चडफडत बॉनेटकडं गेलो. बॉनेट उघडलं, पण नजर कुठंच ठरेना. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, देवा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ. पंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाला वीज सोडणाऱ्या काडेपेटीएवढ्या डबीवर, बोट ठेवलं आणि त्या गुलालवाल्या बाईंनाच किल्ली फिरवायला सांगितली. बोटाखाली टक् झालं. म्हणजे रिलेपर्यंत हुकूम पोचत होता, पण रिलेच पुढं वीज सोडत नव्हता! उपसून बघितला तर त्याच्या धातूच्या पायांवर गंजाचा हिरवा थर. दसऱ्याला आईनं इंजिनाला हळदकुंकू लावून वर नारळाचं पाणी मनसोक्त शिंपडलं होतं, ते नेमकं इथं मुरलेलं. शेजारी हॉर्नचा रिले तस्साच, पण कोरडा. तो काढून पंपाच्या जागी बसवला. मागून घरघर आली आणि मला रडूच फुटलं.

आता हॉर्न नाही आणि रस्ता भाविकांनी फुललेला. बाई न विचारता पुढं बसल्या, डोकं बाहेर काढून ओरडल्या, "चांगभलं! वाट द्या, चांगभलं!" लोकही "चांगभलं" म्हणत बाजूला होत गेले.

सुमनला आत घेताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाटेत उठवलं नाहीत ना हिला? बरं केलंत."

मी पायरीवर बसलो. फॉल्ट मीच शोधला, त्यात शंका नाही. पण मी चुकीच्या जागी धावत सुटलो होतो, तेव्हा मला अडवलं कुणी?

"तुमचं दर्शन चुकलं माझ्यापायी," मी बाईंना म्हणालो.

त्या काही बोलणार, तोच आतून बाळाचा ट्यांहा ऐकू आला. खणखणीत.

"वाजला की हॉर्न!" बाई हसल्या. "झालं माझं दर्शन."

मी तिथंच पायरीवर डोकं टेकवलं.