इसवण चालली, मी नाही

‘‘एसी बंद कर आधी! खिडकी उघड!’’ सर शिपायावर ओरडले. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट. ‘‘हे काय आणलंस गं क्लासमध्ये?’’

इसवण. हॉटेलवाले जिला सुरमई म्हणतात ती. पहाटे बाबांच्या होडीत आलेली. आईने पेपरात गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून दिलेली. ‘‘सरांक दी. पयल्या दिवशी रिकाम्या हातान जांव नको गो बाय.’’ आमच्यात ज्याच्याकडून शिकायचं, त्याच्या घरी आधी मासळी जाते. बाबा ज्या तांडेलाकडे होडी चालवायला शिकले, त्याच्याकडेही अशीच गेली होती. भीक नव्हे. लाच नव्हे. मान.

चुकलं एवढंच, की तो सोमवार होता. मासे वार बघून जाळ्यात येत नाहीत.

मालवण बाजारपेठेत वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर क्लास. चपला बाहेर, आत गालिचा, मॉनिटरवर प्लॅस्टिकची कव्हरं. प्रवेशासाठी सात-आठ पोरं बसलेली. एकीने नाकाला रुमाल लावला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, मासळी बाजार माडयेर इलो रे!’’ हशा. सरही हसले. ‘‘तुमच्यासाठीच आणलीय,’’ म्हणत मी पिशवी शिपायाकडे दिली.

माझी बारावी झाली होती. भिंतीवर तीन कोर्स लिहिले होते. टायपिंग, डेटा एन्ट्री आणि वेब डिझायनिंग (प्राथमिक). मी तिसरा ठरवूनच आले होते. उगाच नाही. सायबर कॅफेत एका रिसॉर्टच्या वेबसाइटवर मला माझी आई दिसली होती. बाजारात मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली, हसणारी. खाली लिहिलेलं, ‘अस्सल मालवणी चव’. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचं नाव नव्हतं. फोन नंबर रिसॉर्टचा. तेव्हापासून मला एकच शिकायचं होतं. असं पान बनवतात कसं.

फॉर्मवरच्या ‘निवडलेला कोर्स’ या रकान्यात मी तेच लिहिलं. सरांनी वाचलं. आई-वडिलांचा व्यवसायही वाचला. पेन काढलं आणि माझ्या शब्दांवर सरळ रेघ मारली. वर लिहिलं, डेटा एन्ट्री.

‘‘ती बॅच तुझ्यासाठी नाही. त्याला डोकं लागतं, इंग्लिश लागतं. तू आकडे भरायला शीक. ओरोसला, जिल्ह्याच्या एखाद्या ऑफिसात चिकटशील. आईची पाटी तरी सुटेल.’’

‘‘सर, मी एचटीएमएल थोडं वाचलंय...’’

‘‘सही कर.’’

सांगायला लाज वाटते, पण मी पेन उचललं. ‘थँक्यू सर’सुद्धा तोंडात तयार होतं. शिकलेला माणूस सांगतो ते आपल्या भल्याचंच, हे आमच्या हाडात भरलंय.

तेवढ्यात सर शिपायाला हळूच म्हणाले, ‘‘ती पिशवी घरी नेऊन दे. फ्रीजमध्ये ठेवायला सांग. उद्या मंगळवार, चालेल.’’

हात तिथेच थांबला.

वास माझा. मासळी त्यांची.

‘‘सर, इसवण परत द्या.’’

‘‘काय?’’

‘‘ती शिकवणाऱ्यासाठी होती.’’

शिपाई दारात पोचला होता. त्याच्या हातातून मी पिशवी घेतली. बिनसहीचा फॉर्मही उचलला. मागून सरांचा आवाज, ‘‘माज बघा! मालवणात तुला कोण शिकवतो तेच बघतो.’’

आई बाजारात होती. पिशवी बघून म्हणाली, ‘‘परत हाडलंस? सर नाय गावले?’’ मी सगळं सांगितलं. ती शाबास म्हणाली नाही. घाबरली. ‘‘कशाक उलट बोललंस गो? आता शिकतलंस खंय?’’ मग तीच इसवण पाटीत ठेवून तिने गिऱ्हाइकाला हाक मारली. वेबचं शिकवणारा दुसरा क्लास तेव्हा मालवणात नव्हता.

अजून मला एक पान धड बनवता येत नाही. एसटीने कणकवलीच्या क्लासला जाते, बाकी एका जुन्या पुस्तकातून आणि सायबर कॅफेत मिळेल तेवढ्या वेळात शिकते. फोटो एकीकडे जातो, अक्षरं दुसरीकडे. पुन्हा करते. तो फॉर्म मी फाडलेला नाही. रेघेखालचे माझे शब्द अजून वाचता येतात.

पहिलं पान आईचं करणार. तिला विचारून काढलेला फोटो, खाली तिचं पूर्ण नाव. आणि किनाऱ्यावरची जी पोर यापुढे असल्या टेबलासमोर बसेल, तिच्या शेजारी मी उभी राहणार. रकाना तिचा. पेन तिचं. दुसऱ्याने रेघ मारली, तर सही नाही.