पंचवीस प्रतींचा पेपर

आमच्या घरातून दर गुरुवारी एक साप्ताहिक निघायचं आणि ते कुणीही वाचत नव्हतं. आज मी हे सहज लिहितेय, पण त्या काळी हे वाक्य तोंडून गेलं असतं तर सासरी माझी धडगत नव्हती.

लग्न होऊन आले तेव्हा असं नव्हतं. मी अंबाजोगाईला मराठीत एम.ए. केलेली, त्यात नवरा संपादक, म्हणून माहेरी कोण तोरा! आणि पेपरला खरोखर मान होता. नांदूरघाटच्या बाजारात लोक गठ्ठ्याची वाट बघायचे. रेशन दुकानदारावर दोन ओळी आल्या की तो निदान आठवडाभर साखर सरळ मापानं द्यायचा. मग मोठ्या शहरांतले पेपर आमच्या जिल्ह्याची वेगळी पानं काढायला लागले. रंगीत, रोजच्या रोज, सकाळच्या एस.टी.नं हजर. घरोघरी केबल आली. आमची बातमी गुरुवारी निघायची, तोवर ती पार शिळी झालेली असायची. एजंट गठ्ठे न सोडताच परत पाठवू लागले.

किराणा दुकान सासऱ्यांचं होतं, पण त्यात तीन भावांची तोंडं. आमची चूल पेटायची ती सरकारी जाहिरातींवर, आणि जाहिरातींच्या यादीत राहायचं तर अंक नियमित निघायला हवा. कुणी वाचायला हवा अशी अट नव्हती. आमच्या संपादकांनी त्यातून वाट काढली. पंचवीस प्रती छापायच्या, काही कचेऱ्यांत नेऊन द्यायच्या, बाकीच्या कपाटात. धंद्यात याला फाईल कॉपी म्हणतात. कागदोपत्री मात्र आमचा पेपर अजून गावोगाव जात होता.

नवरा दिवसभर तहसीलच्या आवारात असायचा. अंक मी लिहायचे. स्वयंपाक उरकला की अग्रलेख. सुरुवातीला अगदी पोटतिडकीनं लिहायचे, मग लक्षात आलं की आपण वाट्टेल ते लिहू शकतो. एकदा रागाच्या भरात पाणीटंचाईच्या बातमीत मधेच शेंगदाण्याच्या चटणीची कृती घुसडली. कुणाच्या बापाला कळलं नाही. त्या दिवशी मी पोट धरून हसले, आणि संध्याकाळी तेवढीच रडले.

अशात दिवाळीच्या महिनाभर आधी एक बाई आली. नांदूरघाटच्या बाजूच्या वस्तीवरची, तिशी-पस्तिशीची, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. मागच्या हंगामात तिच्या नवऱ्याच्या डोक्याला मार लागला होता. तेव्हापासून तो गप्प झाला, स्वतःच्या गावाचं नावही विसरायचा. दवाखान्यात दाखवायला म्हणून तिनं त्याला अंबाजोगाईला नेलं, स्टँडवर बसवलं, पाणी आणायला गेली, आणि परत येऊन बघते तर माणूस नाही. रोजच्या पेपरातली जाहिरात तिच्या आवाक्यातली नव्हती. कुणीतरी सांगितलं, साप्ताहिकवाले फुकट छापतात. तिनं पिशवीतून त्याचा फोटो काढला. तेवढा एकच होता.

माझ्या नवऱ्याला दया आली, उगाच खोटं का बोलू. त्यानं बीडला जाऊन छपाईसाठी फोटोचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून आणला. मजकूर मी लिहिला, माहिती मिळाल्यास आमच्या पत्त्यावर कळवावे म्हणून. छापलेला अंक हातात घेऊन ती बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, हा पेपर कुठं कुठं जातो. नवरा सवयीनं बोलून गेला, जिल्हाभर. मी चहाचे कप उचलून आत गेले.

त्यानंतर ती दर बाजाराच्या दिवशी यायची. उंबऱ्याशी बसून कुणाची चिठ्ठी आली का विचारायची. मी चहा द्यायचे, आणि तोच मजकूर पुढच्या अंकात पुन्हा घ्यायला छापखान्यात सांगायचे. आपण काहीतरी करतोय असं मला वाटायचं. काय पण करणं ते!

दिवाळी झाली तशा ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या. त्या बाजाराला ती आली ती खाली बसलीच नाही. दिरानं तिला निक्षून सांगितलं होतं, टोळी उद्या निघतेय, येतेस का राहतेस ते बोल. बोलता बोलता कळलं की आमच्याकडे यायच्या आधी ती एक दिवसाआड केज, परळी, अंबाजोगाईच्या स्टँडवर जायची, फोटो दाखवत माणसांना विचारत फिरायची. पेपरात छापून आल्यापासून तिनं ते बंद केलं होतं. फोटोही आमच्याकडेच राहिला होता. तो परत द्यायचं ना आम्हाला सुचलं होतं, ना मागायचं तिला.

“बाई, म्या एकली किती ष्टँड हिंडू? पेपर तर समद्या जिल्ह्यात हिंडतोय,” ती म्हणाली. “म्या ऱ्हावं का जावं, तुमीच सांगा.”

बाहेरच्या खोलीत नवरा तहसीलच्या कारकुनाशी बोलत बसला होता. मी पंचवीस प्रती एवढं म्हणाले असते तरी ते बाहेर ऐकू गेलं असतं, तिथून कचेरीत, आणि आमचं नाव यादीतून गेलं असतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटली. तिच्या लेखी मी अख्ख्या जिल्ह्याशी बोलणारी बाई होते, आणि मला तसं समजणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“जा तू,” मी म्हणाले. “पेपर आहे ना.”

तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“आले तर तुमच्याच दारात येतील, पत्ता तुमचाच छापलाय,” ती म्हणाली. “बसवून ठिवा. भाकर दुधात कुस्करून द्या, तशी कोरडी खात न्हाईत.”

आणि एस.टी. चुकेल म्हणून ती लगबगीनं निघून गेली. दुसऱ्या दिवशी टोळी कर्नाटकात गेली. पार गुढीपाडवा उलटून टोळी परत येईपर्यंत त्या माणसाला कुणीच शोधत नव्हतं, मीसुद्धा नाही.