नापास झालेला हरभरा

ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी, परिपाठ संपत असताना प्रल्हादभाऊ शाळेत आले आणि त्यांनी चौथीतल्या आपल्या मुलीचा, श्रावणीचा, दाखला मागितला.

शेलूबाजारपासून थोड्या अंतरावरच्या गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मी मुख्याध्यापिका.

“काय झालं?” मी विचारलं.

“माह्यं बियाणं तुमच्या शाळेनं नापास केलं,” ते म्हणाले. “पोरीनं किराणा दुकानात सांगतलं, आमचा हरभरा उगवत नाही म्हून. दोघं जण माझ्याजवळून बियाणं नेणार होते, दोघंही वापस गेले. शेलूबाजारच्या इंग्लिश स्कूलची व्हॅन दारात येते. तिथं पोट्टे पुस्तकातलं तं शिकते.”

ते म्हणत होते ते खरं होतं. प्रकरण परिसर अभ्यासाच्या तासाला सुरू झालं होतं. श्रावणीने विचारलं होतं, “बाबा दरसाल पेरणीच्या आधी हरभरा ओल्या पोत्यात गुंडाळते. काहून?”

याला उगवण चाचणी म्हणतात. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सुतळीने बांधायची, सावलीत ठेवून ओल टिकवायची. आठवड्याने उघडून कोंब आलेले दाणे मोजायचे. जितके उगवले, तितके टक्के. हे मी फळ्यावर लिहून देऊ शकले असते. मुलांना करून पाहायचं होतं, म्हणून केलं. दाणे श्रावणीने घरून आणले. आठवड्याने तीसही उगवले नव्हते. ते तिने जसंच्या तसं दुकानात सांगितलं होतं.

“दाखला देते,” मी म्हणाले. “पालकांनी मागितला की द्यावाच लागतो. अर्ज लिहा. तोवर तिला एक विचारते. तुम्ही फक्त ऐका.”

श्रावणी आली. वडिलांना पाहून दारातच थांबली.

“गुंडाळी तुम्ही कशी ठेवली होती, सांग बरं,” मी म्हणाले.

“शाळेच्या मागं, सावलीत. रोज पाणी शिंपडलं.”

“उघडली कधी?”

“रोज.”

“रोज?” प्रल्हादभाऊंनी विचारलं.

“मधल्या सुट्टीत. अन् परिपाठाच्या आधी. आमच्या वर्गातला सक्षम तं लघवीले जातो म्हणून सांगे अन् पाहून ये. कोंब आला का, ते आमी दाबून पाहो.”

“आता दाबल्यावर कोंब राहीन का त्याले?” प्रल्हादभाऊ म्हणाले. “अन् घडी घडी उघडलं तं वाळते ते.”

श्रावणीने वडिलांनाच विचारलं, “मंग दाणे खराब होते का आमी खराब केले?”

प्रल्हादभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

“आता ते कसं सांगू मी?” ते म्हणाले.

“दोन करू,” श्रावणी म्हणाली. “एक आमी पाहू. एक कोणीच नाही उघडाची. ते तुमी घरी ठेवा.”

“घरी नको. लोक म्हणतीन, भाऊनं दाणे बदलले. दोन्ही इथंच ठेव. बांधाले मी येतो.”

दुसऱ्या दिवशी ते गोणपाट आणि त्याच बियाण्यातले दोनशे दाणे घेऊन आले. बंद ठेवायच्या गुंडाळीला त्यांनी स्वतः गाठ मारली. ती पाण्याच्या माठाखाली ठेवली; माठ पाझरतो, तिथे ओल राहते. माझ्या सहकारी सरांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावायला सुचवलं. मी नको म्हटलं. राखायचं काम मुलांनी मागून घेतलं होतं. दुसरीतल्या एकाने गाठीला हात लावला, तेव्हा श्रावणीचा आवाज ऑफिसपर्यंत आला, “सोड ते. नाही तं बाबा तुया बी दाखला काढतीन.”

आठवड्याने गुंडाळ्या उघडल्या. प्रल्हादभाऊ त्या दोन्ही गिऱ्हाइकांना घेऊन आले होते. श्रावणीने ओळीओळीने मोठ्याने मोजलं. रोज उघडलेल्या गुंडाळीत चाळीसही भरले नाहीत. बंद गुंडाळीत एक्क्याऐंशी.

“घ्या,” प्रल्हादभाऊ म्हणाले. “पास.”

“अन् हे एकोणीस?” श्रावणीने विचारलं. “हे तं कोणी दाबले नाही.”

“ते राहू दे आता.”

“इचारू द्या ना, भाऊ,” गिऱ्हाइकांपैकी एक जण हसून म्हणाला. “आमाले बी आयकाचं हाय.”

प्रल्हादभाऊंनी एक न उगवलेला दाणा उचलला आणि नखाने फोडला. आत पोकळ होता. दुसरा फोडला. तोही तसाच.

“भुंगा लागला,” ते म्हणाले. “दोन पोत्यांले लागला होता. उन्हात टाकलं होतं, पण काही दाणे राहून गेले.”

श्रावणी तिसरा दाणा फोडून पाहत होती.

“मंग पेरताना तेवढं जास्त टाकू,” तोच माणूस म्हणाला. “माहीत असलं म्हणजे झालं.”

दोघांनी त्याच संध्याकाळी बियाणं नेलं. दाखल्याच्या अर्जाचा कागद माझ्या टेबलावर कोराच राहिला. काही दिवसांनी मी तो दुसऱ्या कामाला वापरला.

श्रावणीचा दाखला मी निकालाच्या दिवशी दिला, कारण आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीसाठी प्रल्हादभाऊंनी तिचं नाव शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. इंग्लिश स्कूलची व्हॅन गावात अजून येते.

निकालाच्या त्या दिवशी माठाखाली सोयाबीनची एक गुंडाळी होती. गाठ प्रल्हादभाऊंची होती. उघडायचा दिवस उन्हाळी सुट्टीत येत होता, म्हणून श्रावणीने शाळेची किल्ली मागितली. आठवड्याने तिने ती माझ्या घरी आणून दिली आणि आकडा सांगितला.